थप्पीवर अनवाणी

सुधाकर,

तुझ्या अंगावर चौदा जखमा होत्या. ठाणेदारांनी त्या मला किराण्याची यादी वाचावी तशा वाचून दाखवल्या. डोक्याच्या मागे एक, बरगड्यांवर चार, हमालाच्या लोखंडी आकड्याने दंड फाडलेली एक, उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली. चौदाव्या जखमेपाशी ते थांबले. डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली. "ही कशाची हो, प्रकाशभाऊ? डॉक्टर म्हणते, ही मारहाणीच्या आदल्या दिवसाची हाय." मी म्हणालो, माहीत नाही.

ती माझी होती. आदल्या दिवशी दुपारी आपल्याच ऑफिसात मी तुला पंचिंग मशीन फेकून मारलं होतं. भंडाऱ्यापासूनची दोस्ती, साकोलीच्या ऑफिसच्या दारावर दोघांच्या नावाची एकच पाटी, आणि मी ठाणेदारासमोर मान हलवून मोकळा झालो. तुला राग आला असेल. येऊ दे.

तू गेल्यावर आपल्या सीए लोकांच्या ग्रुपवर काय काय लिहून आलं! शांत, मितभाषी, संयमी. ते वाचताना मला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून स्वतःच्याच थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटत होती. संयमी? तू? सिमेंटवाल्याची खोटी बिलं त्याच्याच तोंडावर फाडून फेकणारा तू? टेबलाला लाथ मारून स्वतःचाच अंगठा मोडून घेतलास आणि महिनाभर लंगडत ऑडिट केलंस, ते यांच्यापैकी कुणाला माहीत आहे? तुला शांत म्हणणाऱ्यांनी तुझ्याबरोबर टॅक्स ऑडिटच्या मुदतीचा एकही सप्टेंबर काढलेला नाही.

आपण भांडतच मोठे झालो. तू सानगडीचा, मी लाखांदूरकडचा, दोघांच्याही घरी धान, आणि दोघांच्याही घरी सीए म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या बाबांना वाटायचं तू बँकेत लागणार. माझी आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोरगा वकिलीच्या खालचं काहीतरी शिकून राहिला. भंडाऱ्याला सरांकडे आपण एकाच आठवड्यात आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला लागलो. तीन वर्षं एका खोलीत, एका स्टोव्हवर. सरांनी रजिस्टर अंगावर फेकलं की ते कुणाला लागलं यावरून आपण खोलीवर येऊन कुस्ती खेळायचो.

सरांनी आपल्याला पहिल्यांदा स्टॉक मोजायला नेलं तो दिवस मला फार आठवतो. राईस मिलचं गोदाम, आत धानाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या थप्प्या, छतापर्यंत गेलेल्या. आपण दोघं वही काढून खालूनच मोजायला लागलो. लांबीला इतके, रुंदीला इतके, उंचीला इतके, गुणाकार केला की झालं. सर मागून आले आणि दोघांच्याही पाठीत एकेक गुद्दा घातला.

"बूट काढा बे दोघंही. चढा वर."

"कायले, सर?"

"बुटाले काय समजते? तळपायाले समजते. धानाचा कट्टा पायाखाली दगडासारका लागते. आत कोंडा भरला असन त पाय दबते. चारी बाजूनं धान लावून मधात कोंडा लपवणारे लई हायत. थप्पी खालून मोजायची नाई. आन एकट्यानं चढायचं नाई, खाली आपला एक माणूस पायजे."

तू वर चढलास, चार पावलं टाकलीस आणि पाचव्या पावलाला कमरेपर्यंत आत गेलास. कोंड्याची पोती बाजूला सरकली आणि तू मध्ये रुतलास, हात वर, नाकातोंडात धूळ. मी खाली उभा राहून पोट धरून हसलो. तू बाहेर आलास तो थेट माझ्या अंगावर. सर म्हणाले, "भांडा मंग. आधी आकडा लिवा." त्या दिवसापासून आपला नियम ठरला. एक जण वर, एक जण खाली. गोदामात शिरण्याआधी आपण देवळात जावं तसे बूट काढून ठेवायचो आणि हमाल आपल्याला हसायचे.

मग परीक्षा. तू चौथ्या खेपेला सुटलास. मी पाचव्यांदाही आपटलो. एका पेपरात चाळीसच्या वर, दुसऱ्यात छत्तीस, म्हणजे त्या ग्रुपचे सगळेच पेपर पुन्हा. निकाल पाहिला त्या दिवशी मी तुझ्या गावी होतो. मी पुस्तकांची थैली उचलली, तलावाच्या पाळीवर गेलो आणि भिरकावून दिली. झालं ते बास, नाही व्हायचं सीए. तू कपड्यांसकट पाण्यात उतरलास, शिंगाड्याच्या वेलांत अडकत, छातीभर पाण्यातून ती थैली ओढून आणलीस. आणि मग पाळीवर, गावातल्या बायका धुणं धूत असताना, ऑडिटच्या ओल्या पुस्तकाने मला बडवलंस. खांद्यावर, पाठीवर, डोक्यात. पुस्तक तिपटीने जड झालेलं.

"पुन्हा फेकशीन? सांग, पुन्हा फेकशीन?"

"नाई फेकत बे, सोड."

तीन महिने तू स्वतःची प्रॅक्टिस बंद ठेवून मला शिकवलंस. सहाव्या खेपेला मी सुटलो. त्या तीन महिन्यांत तू आलेली दोन कामं सोडली होतीस, हे मला वहिनींकडून फार पुढे कळलं. मी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू आणखी एक घातली असतीस. आता म्हणतो, सुधाकर. तू होतास म्हणून मला सही मिळाली.

आणि त्याच सहीने तुझा घात केला.

लोकांना वाटतं, परीक्षा पास झालो की संपलं. लायसन्स एकदा मिळवायचं आणि दर वर्षी टिकवायचं. फी भरा, ठरलेले तास सेमिनारला बसा, प्रत्येक सहीला वेबसाईटवरून नवा अठरा आकडी नंबर काढा. तो नंबर लागला की आपली सही कुठेही गेली तरी आपल्याच नावाने ओळखली जाते. तू त्या तासांना शिव्या द्यायचास, पण वेळेत पूर्ण करायचास. मी डिसेंबरपर्यंत झोपून राहायचो.

मागच्या डिसेंबरात माझे तास कमी पडत होते. नागपूरला शेवटचा सेमिनार होता आणि त्याच सकाळी मुन्नाशेठच्या राईस मिलचा स्टॉक मोजायचा होता. बँकेने धानावर कर्ज दिलेलं, धान खरंच आहे की नाही हे बघायचं काम आपल्या फर्मकडे. तू तुझ्या मेव्हण्याच्या लग्नात. मी एकटाच गेलो. अकराची एसटी पकडायची होती. बूट काढले नाहीत. थप्प्या खालून मोजल्या, गुणाकार केला, मुन्नाशेठने पाजलेला चहा उभ्या उभ्या प्यालो आणि बस पकडली. सेमिनारला वेळेत पोचलो. व्याख्यान कशावर होतं, सांगू? सीएच्या आचारसंहितेवर. मी पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टवर सही केली, अठरा आकडी नंबर टाकला. स्टॉक बरोबर. सगळं ठीक.

या वर्षी स्टॉक मोजायला तू गेलास. मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून त्या दिवशीही एकटाच. दुपारी परत आलास तेव्हा तुझ्या पँटला गुडघ्यापर्यंत कोंडा चिकटलेला होता. दार लावलंस.

"पक्या, मागच्या साली वर चढला होता काय?"

"हो."

"खोटं नको बोलू. आठातल्या पाच थप्प्या कोंड्याच्या हायत. खालच्या पोत्याइत उंदरानं घरं केली, इतकी जुनी हायत. हमालच सांगून राहिला का दोन सालापासून हलवल्या नाई."

मग मी सांगितलं. बस, सेमिनार, बूट. तुझा चेहरा आधी पांढरा पडला. तू म्हणालास, आपण दोघं मिळून लिहू. उद्या लोखंडी परखी घेऊन जाऊ, पोती टोचून आतला माल काढू, बँकेच्या माणसाला दाखवू. या वर्षीचा रिपोर्ट मी देतो, मागच्या वर्षीचं तू स्वतःहून सीए इन्स्टिट्यूटला कळव.

"माह्यं लायसन्स जाईन, सुध्या."

"जाईन त जाईन. काही सालासाठी जाईन. तोवर ऑफिस मी चालवतो, तुह्या घरी अर्धे पोचवतो."

"सहा खेपा लागल्या मले! तुले काय, तू चौथ्यात सुटला!"

ते मी का बोललो? तलावाच्या पाळीवरची ती थैली आपल्या दोघांच्या मध्ये येऊन पडली असं वाटलं मला. तू माझी कॉलर धरलीस आणि भिंतीवर आपटलंस. "ते लायसन्स मी पाण्यातून काढून आणलं बे! माह्यं बी हाय ते! आन तू त्याच्यावर खोटी सही मारली?" माझ्या हाताला टेबलावरचं पंचिंग मशीन लागलं. मी ते तुझ्या तोंडावर मारलं. हातभर अंतरावरून. कागदाच्या गोल टिकल्या सगळीकडे उडाल्या, तुझ्या रक्ताला चिकटल्या. तू गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलंस आणि पहिल्यांदाच उलट मारलं नाहीस.

दारातून जाताना म्हणालास, "उद्या नऊले निघतो. खाली उभा राहाले ये."

मी आलो नाही.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले, मी घरी पेपर वाचत बसलो. बायकोने विचारलं, आज ऑफिस नाही? तुला थोडं झुरू द्यावं, असं मनात होतं. बँकेचा माणूस बारानंतर येणार होता, तू त्याच्यासाठीही थांबला नाहीस. सरांचा नियम मोडून पुन्हा एकटाच चढलास. वर मुन्नाशेठची दोन माणसं आली. बाकीचं ठाणेदारांच्या यादीत आहे. त्यांनी तुझ्याच परखीने तुला मारलं, आकडा दंडात घालून ओढलं आणि थप्पीवरून खाली फेकलं. खाली पडल्यावर उजव्या हाताची बोटं टाचेखाली मोडली, सहीचा हात म्हणून. गाढवांना माहीत नव्हतं की तू डावखुरा आहेस.

नागपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस तू शुद्धीवर होतास. हवालदाराला त्या दोघांची नावं सांगितलीस. मग मला जवळ बोलावलंस. ओठ इतके सुजलेले की शब्द फुटत नव्हते. "रिपोर्ट आण. डाव्यानं करतो सही." मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं, सुधाकर. तू लिहून ठेवलेला या वर्षीचा रिपोर्ट माझ्या बॅगेत होता. बॅग माझ्या मांडीवर होती. तू बराच वेळ त्या बॅगेकडे बघत राहिलास. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलास.

तेरवीला तुझ्या अंगणात मांडव होता. पंगत उठत असताना मुन्नाशेठचा मॅनेजर आला, पांढरे कपडे घालून. ती दोन माणसं तेव्हा आत होती, शेठ बाहेर होता. त्याच्या वकिलाने सांगून ठेवलं होतं की सुधाकरने लाच मागितली, मिळाली नाही म्हणून धान कमी असल्याची आवई उठवली, शिवीगाळ झाली, झटापटीत तो घसरून पडला. मॅनेजर माझ्याजवळ बसला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, शेठजींनी आठवण काढली. तुमचा मागच्या सालचा रिपोर्ट आमच्या लई कामाचा हाय. त्याच धानाले तुम्ही बरोबर म्हटलं होतं नं."

चुलीजवळ जळण पडलं होतं. मी त्यातलं एक लाकूड उचललं, त्याचं टोक अजून धुमसत होतं. पहिला फटका त्याच्या खांद्यावर, दुसरा पाठीवर. तो वरणाने भरलेल्या गंजावर जाऊन आदळला. मी तिसरा घालणार होतो, तो डोक्यातच बसला असता. चार जणांनी मला मागून धरलं. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. तुझी मोठी मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांत मी दिसत असेन तसा तुला कधी दिसू नये.

वैशाली वहिनी आतून आल्या. सगळे बाजूला झाले.

"मारून काय होते, भाऊजी? हे मारतच राह्यले जन्मभर, काय झालं?" मग माझ्या समोर येऊन थांबल्या. "मले एकच सांगा. मागच्या साली तुम्ही वर चढले होते काय?"

मला वाटतं तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस. त्यांनी मॅनेजरचं बोलणं ऐकलं आणि बाकीचं स्वतः जुळवलं. अंगणात शंभर माणसं. लाकूड अजून माझ्या हातात.  ते टाकलं आणि चालत निघालो. सानगडीपासून फाट्यापर्यंत चालत आलो, मागून तीन बसेस गेल्या, एकीलाही हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. चौदावी जखम माझी आहे, हे आधी सांगितलं. ठाणेदार खुर्चीवर सरळ बसले. मग मागच्या वर्षीचा रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हणालो, हा खोटा आहे, मी थप्पी खालून मोजली. "साहेब, समजते का तुम्ही काय बोलून राह्यले? तुमचीच सही हाय हे." मी म्हणालो, समजतं, म्हणूनच लिहून घ्या. लिहून व्हायला तीन तास लागले. एकदा रिफिल संपली.

गोदाम पोलिसांनी सील केलेलं होतं. परवा पंचांसमोर ते उघडलं. मोजणाऱ्यांनी कुठली थप्पी आधी फोडायची ते दाखवायला ठाणेदारांनी मला बोलावलं. तू जिथे पडलास तिथल्या फरशीवर कुणीतरी चुना टाकला होता. मी बूट काढले. मोजे काढले. ठाणेदारांना म्हटलं, तुम्ही इथेच खाली उभे राहा, हलू नका.

वर चढलो. पहिल्या ओळीवर पाय ठेवला, दगडासारखी. दुसरी, दगडासारखी. तिसरं पाऊल टाकलं आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. सुधाकर, तिसरंच पाऊल! मागच्या वर्षी बूट काढून फक्त तीन पावलं टाकायची होती. बस चुकली नसती. मी तिथेच वर बसलो आणि गुरासारखा ओरडलो. खाली पंच बघत राहिले. ठाणेदार जागचे हलले नाहीत, तेवढं मात्र त्यांनी ऐकलं. आठातल्या पाच. तुझा आकडा बरोबर होता. संध्याकाळी मुन्नाशेठला घरून उचलला.

काल इन्स्टिट्यूटला पाठवायची तक्रार लिहिली. तक्रारदार मी, ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही मी. रजिस्टरमधून नाव किती वर्षांसाठी काढतील, कायमचं काढतील की काय, मला माहीत नाही. भीती वाटते. पोरीची फी आहे, घराचा हप्ता आहे, आणि चाळिशीत दुसरं काही मला येत नाही. तू "अर्धे पोचवतो" म्हणाला होतास, ते सारखं कानात येतं.

ते पाकीट घेऊन आज तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं.

"वहिनी, नाही. मी चढलो नव्हतो. आणि यंदा सुधाकर वर होता तेव्हा खाली उभा राहायला मी गेलो नाही. आणि गालावरची जखम माझी आहे."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या मुस्काटात मारली. सगळा जोर लावून. डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली. कानात शिटी वाजली. दुसरी मारतील म्हणून मी तसाच थांबलो, पण त्यांनी हात पदरात गुंडाळून घेतला.  मग त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"पोष्ट कवा बंद होते?"

"चारला."

"बसा. चाय मांडतो. मंग मी बी येतो संग, नाईतर वाटेतून परत आणान तुम्ही."

चहात साखर जास्त होती. मी पूर्ण प्यालो. पोस्टाच्या खिडकीशी पाकीट आत सरकवताना मी क्षणभर ते धरून ठेवलं, खरंच धरून ठेवलं, आणि वहिनींनी माझ्या मनगटावर फटका मारला.